एकवीस नंबरची पत्रिका

"पाच चाळीसच्या रेल्वेनं पाव्हणे निघून गेले, तर माझ्या पोरीचं नाव साऱ्या परळीत खराब झालं म्हणून समजा," सोमलिंगअप्पा म्हणाले आणि बसता बसता पुन्हा उठले.

कापडाच्या दुकानात दिवसभर मांडी न मोडणारा माणूस, पण आज खुर्चीला टेकायला तयार नव्हता. बंकटला उगाच दम लागल्यासारखं झालं. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

मोहिनीताई स्थळांच्या चौकशा करायच्या. मुलगा पितो का, नोकरी खरी का, आधीचं लग्न तर नाही. बंकट त्यांची जीप चालवायचा आणि, त्याच्या मते, तपासही करायचा.

"झालं काय, ते सांगा," मोहिनीताई म्हणाल्या.

"वर्षाराणीची सुपारी फुटायची होती. सकाळी वधूवर मंडळानं कॉम्प्युटरची पत्रिका दिली, त्यात मंगळ निघाला! घरची दाखवली तर पाव्हणे म्हणतात, मंगळ झाकायला नवी करून आणली."

"जन्म कधीचा?"

"पाडव्याचा. गुढी उभी करूनच दवाखान्यात गेलतो."

"संशय कुणावर?"

"त्या महांतेशवर! प्रोग्राम त्यानंच केलाय. औंदा माघात पोरीला मागणी घातली होती, मी न्हाई म्हणलो."

मोहिनीताईंनी कॉम्प्युटरची पत्रिका बंकटकडे दिली. "वाच मोठ्यानं."

"मंगळ सातव्या घरात... रवी मकरेत... गुरू कर्केत... ताई, मंगळ हाय की खराच!"

"आहे ना. चल."

तिघं मंडळाच्या खोलीत पोचले, तेव्हा कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलेला होता. औष्णिक वीजकेंद्राची राख इथं देवालाही सोडत नाही. महांतेशचे डोळे लाल झाले होते.

"मी कावून करीन ताई असं? उलट कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून कुलूप घातलंय. माणसाची पत्रिका जन्मात बदलत नाही. म्हणून एका नंबरावर पत्रिका नोंदली, की तिच्यावर दुसरी बसतच नाही."

"आणि मुलीची नोंद?"

"मुलगी वेगळी, पत्रिका वेगळी. प्रोग्रामात दोन स्वतंत्र वस्तू, खाली माहिती साठवायचे तक्तेही दोन. दोघींना नंबर मात्र एकच. एका मुलीला एक पत्रिका, एका पत्रिकेला एक मुलगी. नंबरावरूनच एकमेकींना ओळखतात."

मंडळाचे अध्यक्ष सिद्धाराममामा आतून आले. त्यांच्या पुतणीसाठीही हेच स्थळ बघितलं होतं, असं बंकट ताईंच्या कानात पुटपुटला.

"नंबर कोण देतं, मामा?"

"मीच. मशीनला काय कळतंय शकुनातलं? एखादीचं लवकर जमलं, की तिचं नाव काढायचं आन् तिचा नंबर पुढच्या पोरीला द्यायचा. एकवीसवर महानंदाचं पंधरा दिवसांत उरकलं. तोच नंबर सोमलिंगअप्पांनी हट्टानं मागून घेतला."

"शकुनाचा म्हणून!" सोमलिंगअप्पा म्हणाले.

साडेचार. बंकटनं जीपची किल्ली या हातातून त्या हातात केली.

"बंकट, संक्रांतीला सूर्य कुठं जातो?"

"मकरेत. शेंबडं पोरगंबी सांगंल."

"आणि पाडव्याला कुठं असतो?"

बंकटनं बोटं मोजली. "मकर, कुंभ... मीन."

"मग पाडव्याच्या पोरीचा सूर्य मकरेत कसा?"

मोहिनीताईंनी पत्रिका टेबलावर पसरली.

"सकाळपासून सगळ्यांनी मंगळच धरून ठेवला. समोरचा सूर्य कुणी बघितला नाही. कुणी मंगळ मुद्दाम घुसवला असता, तर सूर्य जागेवर राहिला असता. ही अख्खी पत्रिकाच दुसरीची आहे. मामा, महानंदाचा जन्म?"

"संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी," मामा कपाटाकडे वळत म्हणाले. "मंगळ होता, म्हणून मंगळाचाच मुलगा बघितला."

कपाटातून महानंदाचा जुना कागद निघाला. ग्रहानं ग्रह जुळला.

"महांतेश, मुलीचं नाव काढलं की तिची पत्रिकाही काढ, असं प्रोग्रामला सांगितलं होतंस?"

महांतेशनं डोक्याला हात लावला. "न्हाई ताई. नंबर दुसरीला देतील, हे डोक्यातच आलं न्हाई."

"म्हणजे नवरी सासरी गेली आणि पत्रिका माहेरीच राहिली. एकवीसवर वर्षाराणी आली. प्रोग्रामनं पाहिलं, पत्रिका आहे. तुझं कुलूप लागलेलं. हिची खरी बाहेरच राहिली. डाव कुणाचाच नव्हता. तू नंबराला माणूस समजलास, मामांनी नंबराला नशीब समजलं."

"मग पाव्हण्यांना सांगायचं कोण?" सोमलिंगअप्पा कासावीस झाले. "माझं कोण ऐकणार?"

मोहिनीताई मामांकडे बघत राहिल्या. मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "चला. माझी चूक मीच बोलतो."

पाच पस्तीसला मामा फलाटावर, डब्याच्या खिडकीशी, मुलाच्या आईपुढे हात जोडून उभे होते. सकाळची पत्रिका आणि महानंदाचा कागद त्यांनी आत दिले. बाईंनी चष्मा लावला आणि मंगळ सोडून आधी सूर्य शोधला.

"पाडव्याची पोर, आन् मकरेत?" त्या नवऱ्यावर खेकसल्या. "एवढं शिकलेले तुमी, सकाळी डोळे कुठं ठेवलेते?"

शिट्टी झाली.

"बघत काय बसलाय? पिशव्या उतरवा!"

पिशव्या नऊ निघाल्या. आठ बंकटनं झेलल्या. चालत्या गाडीतून आलेली नववी, लोणच्याची, सोमलिंगअप्पांनी पोटाशी धरली.