हे आकडे सध्या असेच राहू द्या

मिरजेत आता हर्षदा सुतारांना पायाचं कोणी विचारत नसे.

लहानपणी तो प्रश्न त्यांच्या पाचवीलाच पूजलेला होता. जन्मतः डाव्या खुब्यात दोष, पाय बोटभर आखूड, त्यामुळे दर पावलाला अंग डावीकडे झुकायचं. "काय गं, पायाला काय झालं?" वाणी विचारायचा, लग्नघरातल्या बायका विचारायच्या, एसटीत शेजारी येऊन बसलेली परकी बाई तिकीट काढायच्या आधी विचारायची. हर्षदा फ्रॉकची कड गुडघ्याखाली ओढायची आणि ठरलेलं उत्तर द्यायची, "काही नाही. मी अशीच चालते." नोकरी लागल्यावर प्रश्न थांबला नाही, फक्त इंग्रजीतून येऊ लागला. मग पन्नाशी उलटल्यावर केव्हातरी तो आपोआप आटला. बाजारात कोणी मान वळवून बघेना. मैत्रिणींबरोबर फिरायला गेल्यावर कोणाला त्यांच्यासाठी पाऊल आवरावं लागेना. हर्षदाताईंनी याचा सरळ अर्थ लावला, की लोक सुधारले. आपल्याला जे हवं असतं त्यावर आपला चटकन विश्वास बसतो, आणि ताई काही जगावेगळ्या नव्हत्या.

आता त्यांची सत्तरी जवळ आली होती. डॉ. अन्वित तारळेकर त्यांच्याकडे एका दुपारी आले, रीतसर फोन करून. हे चालशास्त्राचे डॉक्टर, म्हणजे माणूस पाऊल कसं उचलतो, कुठे टेकतो, भार कोणत्या पायावर देतो याचा अभ्यास करणारे. वय पस्तिशीच्या आत. ताईंना वाटलं, आला हा पेशंट शोधत.

"या वयात मी खुब्याचं ऑपरेशन करून घेणार नाही," त्यांनी दारातच सांगून टाकलं.

"तुमच्या पायासाठी आलोच नाही मी," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या धड्यासाठी आलोय. 'ओनामा'चा पहिला धडा तुम्हीच लिहिलात ना?"

'ओनामा' म्हणजे काय हे त्या काळात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं. आपल्याला मात्र सांगायला हवं. वस्तू आणि इमारती यांची आखणी करायला 'जुळणी' नावाची एक संगणकप्रणाली होती. तिच्यात लिहायचं काही नसे. पडद्यावर खोकी असत आणि दोऱ्या असत. एका खोक्यात आकडा, दुसऱ्यात रेघ, तिसऱ्यात त्या रेघेची फळी करण्याची करामत. एका खोक्यातून दोरी ओढून दुसऱ्यात खोचली, की पहिल्यातला माल दुसऱ्यात जाई. आकडा वाढवला की खुर्ची उंच, दोरी दुसरीकडे खोचली की त्याच खुर्चीचं बाक. पेन्सिल धरता न येणारा माणूसही यावर घर आखू शकत होता, आणि भिंती ओतणारी यंत्रं ते घर जसंच्या तसं उभं करून देत. यंत्राला काय, दहा फळ्या सारख्या असोत की दहा तऱ्हेच्या, मेहनत तेवढीच.

अशा प्रणाल्या येतात नि जातात. 'जुळणी' टिकली ती नवशिक्यांसाठी लिहिलेल्या धड्यांमुळे, म्हणजेच 'ओनामा'मुळे. ते धडे ताईंनी तिशीत असताना लिहिले. नवशिक्याला घाबरवायचं नाही, पहिल्या धड्यातच त्याच्या हातात काहीतरी पुरं झालेलं पडलं पाहिजे, हा त्यांचा खाक्या. म्हणून पहिला धडा जिन्याचा. त्यात त्यांना 'आलटून-पालटून' हे खोकं शिकवायचं होतं. या खोक्यात दोन आकडे घातले, की ते एकदा हा देतं, एकदा तो. मग असा जिना हवा, की ज्याला दोन आकडे लागतात.

तो त्यांना आठवायला वेळ लागला नाही. त्यांच्या वडिलांनी, दत्तोबा सुतारांनी, इचलकरंजीच्या घरात माळ्यावर जायला लाकडी जिना केला होता. एक पायरी उंच, पुढची बुटकी, पुन्हा उंच, पुन्हा बुटकी. उंच ती पोरीच्या उजव्या पायाला यावी, बुटकी ती डाव्याला. फरक बोटाच्या पेराएवढाही नसेल. डोळ्याला दिसत नव्हता, पायाला कळत होता. साऱ्या जगात तेवढ्या एका जिन्यावर हर्षदा इतरांसारखी चढायची. ताईंनी ते दोन आकडे धड्यात घातले आणि खाली लिहिलं, "हे आकडे सध्या असेच राहू द्या. त्यांचं काय करायचं ते आपण सातव्या धड्यात पाहू."

नवशिक्यांसाठी लिहिणारा प्रत्येक जण हे वाक्य लिहितो. सगळं एका दमात सांगायला गेलं तर शिकणारा पळून जातो. ताईंची चूक एवढीच, की शिकणारा सातव्या धड्यापर्यंत येईल असं त्या धरून चालल्या.

"कोणी आलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तिसऱ्या धड्यानंतर बहुतेक सगळे गळतात. जिना हातात आला, काम भागलं. लोकांनी लांबी बदलली, रंग बदलला, कठडा बदलला. पायऱ्यांचे आकडे मात्र तसेच. तुम्हीच म्हणाला होतात, राहू द्या म्हणून."

"अहो, पण पुढे आपोआप नकाशे काढणारी यंत्रं आली ना?"

"ती कशावर शिकली? लोकांनी काढलेल्या जिन्यांवरच. त्यांना वाटलं, जिना म्हणजे असाच."

डॉक्टरांनी याला 'आद्यछाप' असं नाव दिलं होतं. असंख्य माणसं एकाच उदाहरणावरून शिकली, की त्या उदाहरणातला एखादा बारकावा, कोणी मुद्दाम न शिकवलेला, त्या सगळ्यांच्या कामात उतरतो. आई पोळीचा एक काठ जाड ठेवत असेल तर मुलीच्या पोळीचाही तोच काठ जाड राहतो. इथे मात्र आई एक होती आणि मुली जगभर.

"बरं, मग?" ताई म्हणाल्या. "जिन्यानं कोणाचं काय बिघडवलंय?"

"जरा माझ्याबरोबर चालता?"

घरातल्या बोळाच्या टोकाला आरशाचं कपाट होतं. दोघं शेजारी शेजारी त्याच्याकडे चालत गेली. आरशात ताईंना दोन माणसं येताना दिसली. दोन्ही एकाच वेळी डावीकडे झुकत होती आणि एकाच वेळी सरळ होत होती. ताई मधेच थांबल्या.

"म्हाताऱ्या माणसाची नक्कल करता होय? शोभतं का तुम्हाला?"

"नक्कल नाही, ताई. माझे दोन्ही पाय सारखे आहेत. मोजून पाहिलेत."

मग ते जे बोलले ते असं. चालण्याचा ठेका पाठीच्या कण्यातले मज्जातंतू लहानपणी ठरवतात आणि एकदा ठरला की तो सहसा सुटत नाही. वीज वाचवण्याच्या कायद्यानं लिफ्ट फक्त आजाऱ्यांपुरत्या उरल्या होत्या. पोरांचा दिवस घराचा जिना, शाळेचा जिना, पुलाचा जिना यातच जाई. पहिली पायरी उंच, आणि उंच पायरीवर माणूस नकळत जोराचा पाय टाकतो. बहुतेकांचा तो उजवा असतो. मग प्रत्येक उंच पायरी उजव्यालाच येते. दर टप्प्यात पायऱ्या सम संख्येत, त्यामुळे वळणावरही क्रम मोडत नाही. उजवी मांडी भरते, डावा पाय कमी उचलायला शिकतो, आणि शेवटी तोच ठेका सपाट रस्त्यावरही उतरतो.

"पस्तिशीच्या आतलं अख्खं गाव तुमच्यासारखं चालतं," डॉक्टर म्हणाले. "आणि मोठी माणसं त्यांच्या पावलाला पाऊल लावता लावता तशीच झाली."

ताई पलंगावर बसल्या. म्हणजे लोक सुधारले नव्हते तर. त्यांना वाईट वाटलं. आणि त्याच वेळी बरंही वाटलं, चांगलंच बरं वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

डॉक्टरांची मागणी साधी होती. पहिल्या धड्यातल्या सगळ्या पायऱ्या सारख्या करायच्या. यंत्रं अजूनही खरं-खोटं करायला 'ओनामा'कडेच बघत; तिथे बदल झाला की नव्या इमारतींचे जिने बदलले असते. पण 'जुळणी'वाल्यांत एक रीत होती. धडा ज्यानं लिहिला तो हयात असेपर्यंत त्याच्या धड्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

"खाली एक सूचना घाला की," ताई म्हणाल्या.

"घातली होती आम्ही. वाचली कोणी?"

ताईंनी दुसरीकडून सुरुवात केली. "या लोकांना आत्ता काही दुखतंय का?"

"नाही."

"जिन्यावरून पडतात?"

"या जिन्यांवरून नाही. आम्ही संस्थेत सारख्या पायऱ्यांचा एक जिना बांधून पाहिला. त्याच्यावर पडले. दोघांची मनगटं मोडली."

"म्हणजे सरळ जिना केला की माणसं पडणार, आणि तरी तो करायचा. हे कुठलं शास्त्र?"

"ते चाळिशीत येतील तेव्हा त्यांचे खुबे झिजायला लागतील, ताई. तुम्हाला दुखतं ना?"

दुखत होतं. उठताना, बसताना, कूस बदलताना. "विचार करते," त्या म्हणाल्या.

विचार कसला करतात. त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. रोज संध्याकाळी त्या बाजारात जाऊन लोकांचे पाय बघत बसू लागल्या. कॉलेजच्या पोरी, भाजीवाले, नवरा-नवरी, सगळे एका ठेक्यात डावीकडे झुकत जात होते, आणि त्यात त्या कुठेही वेगळ्या दिसत नव्हत्या. आयुष्यभर जे मागितलं ते दत्तोबांच्या जिन्यानं दिलं होतं. ते आपल्याच हातानं परत करायचं? त्यांना कारणही चांगलं सापडलं होतं, माणसं पडतील हे. ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते सोयीचं होतं.

शेवटी डॉक्टर न सांगता आले. बरोबर मुलगी होती, सहा वर्षांची. जुनी नावं तेव्हा पुन्हा फिरून आली होती, हिचं गोदावरी.

"घरी कोणी नाही, म्हणून घेऊन आलो," ते म्हणाले. "गोदा, आजींना नमस्कार कर."

गोदा दारातून निघून ताईंच्या खुर्चीकडे येऊ लागली. ताई तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांना काहीतरी खटकलं. पोरीचं अंग कुठेच झुकत नव्हतं. काठी गिळल्यासारखी ती ताठ येत होती, दोन्ही पायांवर तेवढाच भार देत. ते बघवेना. बिचारी, एवढ्याशा वयात, असं मनात आलं आणि मनात आलं तसं तोंडातून गेलं.

"काय गं, पायाला काय झालं?"

गोदा जागच्या जागी थांबली. तिनं फ्रॉकची कड गुडघ्याखाली ओढली.

"काही नाही," ती म्हणाली. "मी अशीच चालते."

गोदा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"हिची आई लडाखला, हवामान केंद्रात," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "हिची पहिली पाच वर्षं तिथे गेली. सगळी घरं एकमजली. इथे आल्यावर शाळेनं चिठ्ठी पाठवली, मूल लंगडतंय म्हणून. आता रोज मधल्या सुट्टीत तिला व्यायामाला बसवतात, चाल दुरुस्त करायला. मुली तिला खेळायला घेत नाहीत. मी तिच्यामुळे हे शोधायला लागलो, ताई. आधी मीही तिच्या पायाचेच फोटो काढत होतो."

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मुलीकडे बघून हो म्हणावं असं वाटत नव्हतं. पुरावा बघून म्हणावं असं वाटत होतं."

ताईंनी संगणक पुढे ओढला. धडा उघडला. पडद्यावर त्यांचा जिना आला, आणि त्याच्यामागे ते आलटून-पालटून खोकं, दोन आकडे पोटात घेऊन बसलेलं. त्यांनी दोऱ्या सोडवल्या, खोकं काढून टाकलं आणि सगळ्या पायऱ्यांना एकच आकडा खोचला. जिना किंचित हलला आणि स्थिर झाला. वडिलांच्या हातचं तेवढं एकच काम उरलं होतं. ते घर कधीच पडलं होतं. त्या थोड्या रडल्या. डॉक्टरांनी दुसरीकडे पाहिलं.

खाली ते वाक्य होतं. हे आकडे सध्या असेच राहू द्या. ताईंनी ते खोडलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की खोडलं काय नि ठेवलं काय, या आकड्यांना कोणी हात लावणार नाही. आज आपण जो आकडा घालू तो पुढच्या माणसांच्या हाडांत उतरणार, आणि तो बरोबर आहे हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे? डॉक्टरांनी सांगितला, आपण घातला. निदान त्यातलं 'सध्या' तरी खरं होतं, म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा लिहिलं आणि धडा पाठवून दिला.

"आजी, शाळा सुटली," गोदा खिडकीतून म्हणाली.

ताई उठून तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या पुलाच्या जिन्यावरून पोरं उतरत होती, दप्तरं सांभाळत, एकमेकांना ढकलत. सगळी एकदम डावीकडे झुकायची, एकदम सरळ व्हायची. उद्या यांना पोरं होतील, ती नव्या जिन्यांवर वाढतील आणि ताठ चालतील. ती बोलायला शिकली की आईबापांच्या पायांकडे बघतील. आत्ता मात्र जिन्यावरची पोरं मजेत उतरत होती. त्यांतल्या एकालाही अजून कोणी काही विचारलं नव्हतं.