अंगठेबहाद्दर

मिरजेच्या हृदयनाद संशोधन केंद्रात त्या सकाळी नादरेखक या नव्या यंत्राची अखेरची परीक्षा होती, आणि त्याच्या जन्मदात्या डॉ. मंदाकिनी उपळेकर यांचा पारा सकाळीच चढला होता.

"हा पट्टा माणसांसाठी मागवलाय की बाहुल्यांसाठी?" त्या गरजल्या.

बिचाऱ्या पट्ट्याचा काही दोष नव्हता. पहिला परीक्षार्थी हिंदुराव खोत तालमीतला पैलवान होता आणि त्याच्या छातीला वेढा घालताना पट्टा वीतभर कमी पडत होता. नादरेखकाची चकती पट्ट्याने छातीवर आवळायची आणि मग तिला हात लावायचा नाही, अशी एरवीची पद्धत.

"राहू दे. मी हाताने दाबून धरते," बाई म्हणाल्या. "आणि मग आज सगळ्यांनाच हाताने. परीक्षेत एकाला एक नि दुसऱ्याला दुसरं, असं चालायचं नाही."

समोर परीक्षण समितीचे अध्यक्ष डॉ. विश्राम नाडगौडा बसले होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव आता देशभर झालं होतं, पण तरुणपणी ते याच बाईंचे विद्यार्थी होते. एकदा अंगठ्याने नाडी बघताना सापडले, तेव्हा बाईंनी भर वॉर्डात त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हटलं होतं. अंगठ्याला स्वतःची ठळक नाडी असते. तो टेकवणारा डॉक्टर रोग्याची सोडून आपलीच नाडी मोजत बसतो. नाडी बघायची ती बोटांनी, हा बाईंचा पहिला धडा. तो विसरणाऱ्या प्रत्येकाला ही पदवी मिळायची, विद्यापीठाच्या पदवीच्याही आधी. नाडगौडा ती अजून विसरले नव्हते.

"सदस्यांसाठी एकदा तत्त्व सांगा," ते कोरडेपणाने म्हणाले.

केंद्रातली ध्वनिशास्त्रज्ञ शहनाज सतारमेकर पुढे आली. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनत आले होते. "नदी संथ वाहते तेव्हा आवाज नसतो, सर. पात्र एकदम रुंद झालं की भोवरे पडतात, खळखळ होते. रक्ताचंही तसंच. महाधमनीची भिंत एखाद्या जागी पातळ होऊन फुगली, म्हणजे विस्फार झाला, की तिथून जाणारं रक्त मर्मरतं. मोठी मर्मर डॉक्टरांच्या नळीला ऐकू येते. कानाला न कळणारी मर्मर नादरेखक ऐकतो आणि तिच्यावरून धमनीचा आकार काढतो."

"नुसत्या आवाजावरून आकार?"

"माझे अब्बा भोपळ्यावर टिचकी मारून त्याची पाठ कुठे पातळ आहे ते सांगतात. आम्ही तेच गणितात बसवलंय."

"मग चकती बरोबर छातीवरच हवी?"

"छातीवर सोपं जातं इतकंच. रक्त सगळ्या अंगात सलग आहे. एका जागची मर्मर सगळीकडे पोचते, फक्त क्षीण होत जाते."

"आणि खेड्यातल्या बायका आरोग्यसेवकापुढे पोलकं सोडायला तयार होत नाहीत, त्याचं काय?"

 हा प्रश्न बाईंना अजून सुटलेला नव्हता, म्हणून त्या जास्तच चिडल्या.

त्यांच्या चिडण्यामागे एक जुनं दुःख होतं. त्यांचे वडील असेच गेले होते. जन्मात कधी डोकं दुखलं नव्हतं त्या माणसाचं. पानावर बसले, घास उचलला आणि आतला विस्फार फुटला. असं मरण दुसऱ्या कुणाला येऊ नये म्हणून बाईंनी अर्धं आयुष्य या चकतीपायी घातलं होतं. परीक्षा बुडाली तर समिती त्यांना पुन्हा दारात उभं करणार नव्हती. हा विकार घराण्यात उतरतो, तुम्हीही एकदा तपासून घ्या, असं शहनाज हजारदा म्हणाली असेल. "मला काय धाड भरलीय?" हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थींची इस्पितळातल्या मोठ्या स्कॅन यंत्रावर आधीच तपासणी करून समितीने निकाल आपल्याकडे ठेवले होते. बाईंनी हिंदुरावच्या छातीवर चकती ठेवून घट्ट दाबली. पडद्यावर महाधमनीचं चित्र उमटलं आणि ती हृदयातून निघते तिथेच लिंबाएवढा फुगवटा दिसला.

नाडगौडांनी निकाल पाहिला. "याची धमनी निर्दोष आहे."

"माझ्या काळजाला काय झालंय व्हय, बाई?" हिंदुराव घाबरला. "परवाच दोन कुस्त्या मारल्यात की मी!"

दुसरी परीक्षार्थी शाळेतली क्रीडाशिक्षिका होती. तिथेही लिंबाएवढा फुगवटा, आणि समितीच्या निकालात काहीच नाही. तिसरा एक खानावळवाला. त्याच्याही छातीत तेच लिंबू.  आजवर शेकडो माणसांत हे यंत्र कधी असं चुकलं नव्हतं.

"मॅडम, तुमचं यंत्र एकच आजार सगळ्यांना प्रसादासारखा वाटतंय," नाडगौडा म्हणाले. समितीतलं कुणीतरी हसलं.

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "हिंदुराव, परत आडवे व्हा," त्या म्हणाल्या आणि चकती पुन्हा दाबून धरली. पैलवान गडी एव्हाना सावरला होता. पलंगावर पडल्या पडल्या त्याला पेंगही येऊ लागली. त्याच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून त्याचे ठोके पडद्यावर दिसत होते, कमावलेल्या हृदयाचे, सावकाश चाललेले.

फुगवट्याची मर्मर मात्र धावत होती.

बाईंनी डोळे बारीक केले. एका माणसाच्या छातीत दोन चाली कशा? त्यांच्या काळजात धस्स झालं आणि त्याच क्षणी पडद्यावरची मर्मर उसळली. हिंदुराव तर आता चक्क घोरत होता.

बाईंनी खाली पाहिलं. चकतीच्या पाठीवर त्यांचा अंगठा होता.

"बरोबर आहे!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की पैलवान दचकून उठला. "यंत्र बरोबर आहे! अरे, ते दोन्हीकडून ऐकतंय! शहनाज, पट्टा दे, काहीतरी जोडून लांब कर!"

हिंदुरावच्याच पंच्याचा जोड देऊन पट्टा आवळला गेला. पडद्यावर स्वच्छ, सरळ महाधमनी उमटली. मग शिक्षिकेची, मग खानावळवाल्याची, मग उरलेल्या सगळ्यांची. ज्यांना विस्फार होता त्यांचा अचूक सापडला, ज्यांना नव्हता त्यांना नव्हता. समितीचे सदस्य उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि बाई त्यांच्यामध्ये लहान मुलीसारख्या हसत होत्या.

शहनाज तेवढी हसत नव्हती. "मॅडम," ती म्हणाली, "यंत्र बरोबर आहे, म्हणजे ते लिंबू..."

"माझं आहे. कळलंय मला," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. वडिलांच्या हातातला तो घास त्यांना डोळ्यांपुढे दिसला आणि त्या खरोखर घाबरल्या. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या वडिलांना जी संधी कुणी दिली नाही, ती आपल्याला आपल्याच हातांनी मिळाली आहे. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

नाडगौडा जवळ येऊन उकिडवे बसले. आवाजातला कोरडेपणा पार गेला होता. "मॅडम, उद्याच दाखल व्हा. मी करतो शस्त्रक्रिया. आणि राग मानू नका, पण ती पदवी आज परत करायची आहे."

"कर बाबा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आहेच मी अंगठेबहाद्दर." आणि एकदम ताठ झाल्या. "विश्राम! तुझ्या पोलक्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की रे! मर्मर अंगठ्यापर्यंत येते. छाती हवीच कशाला? आपल्याकडे लोक अंगठा कुठे लावतात?"

"रेशनच्या दुकानात," हिंदुराव पलंगावरून म्हणाला. "दर महिन्याला."

पुढच्या वर्षी म्हैसाळच्या रेशन दुकानात पहिलं अंगठायंत्र बसलं. अंगठा टेकवला की ओळख पटायची, आणि धान्य मापून होईपर्यंत धमनीचं चित्रही तयार व्हायचं. उद्घाटनाला बाई स्वतः आल्या होत्या. छातीत नाडगौडांनी शिवलेली कृत्रिम धमनी होती आणि आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. पहिला अंगठा त्यांचाच. यंत्राने शिवणीची जागासुद्धा नेमकी दाखवली.

रांगेतल्या बायकांनी पदरही न सरकवता भराभर अंगठे टेकवले. मग एक म्हातारा आला आणि अडून बसला.

"म्या अंगठा न्हाई लावायचा," तो म्हणाला. "साठीला आल्यावर सही शिकलोय. निरक्षर हाय का मी?"

दुकानदार काही बोलणार, तोच बाई पुढे झाल्या.

"आजोबा, मी एवढी शिकलेली डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पण जगले ती अंगठ्यावर."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. धोतराला पुसून तो त्याने काचेवर टेकवला. पडद्यावर लिंबाएवढा फुगवटा उमटला, आणि बाईंनी या खेपेला आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे आहेत याची खात्री करून घेतली.

"शहनाज," त्या म्हणाल्या, "विश्रामला फोन लाव. आजोबा वाचले."