गेट ज्याच्यासाठी उघडलं

लाइट काही तासाभरात येत नाही, तेव्हा मेणबत्त्या उगाच जाळू नका. बसा इथेच ओट्यावर. आणि प्रितेश, तू मघापासून त्या विमानतळावरच्या मशीनचं कौतुक लावलंयस ना? रांग नाही, शिक्का नाही, चेहरा दाखवला की गेट उघडतं... उघडतं बाबा, उघडतं. कुणासाठी उघडतं, तेवढं विचारायचं नाही. ही वाचलेली गोष्ट नव्हे. आपल्या शत्रुघ्नाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्याच्याच तोंडून ऐकलेली. तो रात्रीची भाडी घेत नाही ते डोळ्यांमुळे, असं तुम्हाला वाटतं. डोळे चांगले खणखणीत आहेत त्याचे.

जानेवारीची सतरा तारीख, शनिवार. रात्री बारा वाजता पौषातली अमावस्या लागत होती. शेजारचा कल्पेश दुबईहून येणार होता आणि शत्रुघ्न गाडी घेऊन त्याला आणायला निघाला होता. कल्पेशला मुलगा झाला होता, सोमवारी बारसं. त्याची आई बायजाकाकू, पोरगा अमावस्येचा प्रवास करतोय म्हणून दोन दिवस कुरकुरत होती. निघताना ती फाटकाशी आली.

"सरळ घरी आन त्याला. वाटेत चहाला-बिहाला थांबू नको. मी भाकरतुकडा काढून ठेवते. तो ओवाळल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय नाय."

"काकू, तुझा लेक येतोय, नवी नवरी नाही," शत्रुघ्न म्हणाला.

"तुझे काका गेल्यापासून मी येनाऱ्याला बघूनच घेते," ती म्हणाली आणि आत गेली.

काका म्हणजे तिचा नवरा, दत्ताराम. ज्येष्ठात गेला. केळीच्या वाडीवर जीव टाकणारा माणूस, पण हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. पोराने वाडी सोडून दुबई धरायची ठरवली, त्याचा त्याला भयंकर राग. सुनेला, स्वप्नाला, दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी भर अंगणात तो कल्पेशला म्हणाला, "तू खुशाल जा. मी अडवत नाय. पन पोर माझं. ते मी नेनार." त्यानंतर आठवड्याभरात तो गेला. नेणार म्हणजे कुठे नेणार, हे विचारायचं सगळ्यांच्या मनात राहूनच गेलं.

आता भाकरतुकडा तुम्ही पाहिलाय. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळायचा आणि दोन बाजूंना टाकायचा, म्हणजे त्याच्या मागून जे काही आलं असेल ते बाहेर राहतं. पण आमच्या लहानपणी म्हातारी माणसं आणखीही सांगायची. ज्याच्यावरून ओवाळला, तो घरात घेतला. मग त्याला कुणी अडवायचं नाही. आणि एका रात्री एकदाच. टाकलेल्या तुकड्यानंतर दुसरा काढत नाहीत.

तर शत्रुघ्न विमानतळावर पोहोचला. कल्पेशचा मेसेज आला, उतरलो म्हणून. आता सामान, रांगा, साहेबलोकांचे प्रश्न, तास तरी मोडतोय, असा हिशेब करून शत्रुघ्नाने सीट मागे केली. एवढ्यात मागचं दार उघडलं आणि कल्पेश आत येऊन बसला.

"अरे! एवढ्यात?"

"गेट उघडलं," कल्पेश म्हणाला.

शत्रुघ्नाला स्वतःच्याच विसराळूपणाचं हसू आलं. त्या मशीनची नोंदणी करायला त्यानेच तर कल्पेशला मुंबईला नेलं होतं. आरशात त्याने पाहिलं. डोक्यावर कानटोपी, मिशी साफ काढलेली, गाल तुळतुळीत. व्हिडिओ कॉलवर पोरगा चांगली दाढी वाढवून बसलेला असायचा. बारशासाठी उतरवली असेल, असं त्याला वाटलं.

"सामान कुठाय?"

"मागनं येतंय."

पुढे ये ना, असं म्हणणार होता तो, पण मागून पोलिसाने शिट्टी मारली आणि गाडी काढावीच लागली. लहानपणापासूनचा मित्र, एरवी पुढे बसून गाडीचा रेडिओ बिघडवणारा, तो आज मागे हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. दमला असेल. दहिसर गेलं. खाडीवरचा पूल गेला. शत्रुघ्न बाळाचं सांगत होता, वजन किती, रडतं कसं, नाव काय ठेवायचं यावरून बायकांचं काय चाललंय. मागून हूं की चूं नाही. फक्त एक आवाज यायला लागला. तळहातावर तळहात आपटल्याचा. फट्... थोडं थांबून पुन्हा फट्.

तंबाखू चोळून चुना झटकतात ना, तसा.

कल्पेश तंबाखूला हात लावत नाही. बापाच्या त्या सवयीचा त्याला लहानपणापासून तिटकारा.

सातिवलीची गोदामं लागली आणि फोन वाजला. शत्रुघ्नाने पडद्यावरचं नाव पाहिलं.

कल्पेश.

त्याने आरशात पाहिलं. कल्पेश मागे बसलेला होता. हात गुडघ्यांवर. रिकामे.

फोन वाजत राहिला. शत्रुघ्नाने तो कानाशी घट्ट धरला.

"शत्रुदादा, तू निघून नको जाऊ हां," पलीकडून कल्पेश बोलत होता. रडवेला झाला होता. "मला आत बसवून ठेवलंय. गेट उघडेचना. पासपोर्ट ठेवला, चेहरा दाखवला, लाल. बोट ठेवलं, लाल. मागची माणसं ओरडायला लागली. मग काउंटरवर गेलो तर साहेब म्हणतो, हा माणूस मघाशीच बाहेर गेलाय. चेहरा जुळला, बोटं जुळली, गेला. आता तू कोण ते सांग. चोर असल्यासारखा बोलतोय रे माझ्याशी! पासपोर्ट माझ्या हातात, मी त्याच्यासमोर उभा, आणि तो माझ्याऐवजी त्या कॉम्प्युटरकडे बघतोय. मी मीच आहे हे मी कसं सांगू त्याला?"

शत्रुघ्नाची नजर आरशातल्या कानटोपीवर गेली.

"त्या गेटने काढलेला फोटो दाखवला त्याने. माझाच आहे, दादा. पण... मुंडण केलेला. बाबा गेले तेव्हाचा."

फोन कट झाला.

मग शत्रुघ्नाला ते आठवलं. नोंदणीची तारीख दत्तारामच्या दहाव्याच्या आधीच आली होती. घरचे म्हणाले नको, पण तारीख चुकली तर पुन्हा कधी मिळेल, म्हणून कल्पेश सुतकात निघाला, भादरलेल्या डोक्याने. अग्नी देणाऱ्याने दहा दिवस लोखंड अंगावेगळं करायचं नसतं, नाहीतर गेलेला मागे लागतो. बायजाकाकूने बापाचाच अडकित्ता त्याच्या खिशात घातला होता. त्या कार्यालयाच्या दारात मशीन वाजलं. शिपाई म्हणाला, हे आत चालणार नाही. कल्पेशने अडकित्ता काढून शत्रुघ्नाच्या हातात दिला आणि आत गेला, डोकं, चेहरा, दहाही बोटं त्या मशीनला देऊन आला. बाहेर आल्यावर हसत होता. म्हणाला, "आतला साहेब वेडाच आहे. मागच्या माणसाला बाजूला व्हायला सांगा म्हणतो. माझ्या मागे कुणीच नव्हतं."

दोघेही हसले होते तेव्हा.

"कोनाचा फोन?" मागून विचारलं.

"काकूचा," शत्रुघ्न कसाबसा म्हणाला. "कुठवर आलात विचारते."

"सांग, आलो."

फट्.

"पोर जागं हाय ना?"

लोखंड, लोखंड, एवढंच शत्रुघ्नाच्या डोक्यात. जॅकचा दांडा डिकीत. काय दिपिका? गाडीच लोखंडाची असते? अगदी बरोबर. तू त्या वेळी त्याच्या शेजारी असायला हवी होतीस, सांगायला. त्याने ठरवलं, विरार फाट्याला वळायचंच नाही. सरळ जायचं. मनोरला, वापीला, डिझेल संपेपर्यंत कुठेही. पण त्या घराकडे नाही.

फाटा जवळ आला. त्याने पाय दाबला.

मागून हात आला. त्याच्या खांद्यावर. थंड असता तर बरं झालं असतं. ताप भरलेल्या माणसासारखा गरम होता.

"वळ."

तो वळला.

हसू नका. तुम्हीही वळला असतात.

विरार गेलं. आगाशीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना वाड्या. काळोख. एक कुत्रं रस्त्यात उभं होतं. गाडी पाहिली आणि ते भुंकलं नाही. बसलं. मग आडवं झालं.

घरात दिवा होता. बाळ रडत होतं, रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. बायजाकाकू पायरीवर उभी. एका हातात पाण्याचा तांब्या. दुसऱ्या हातात भाकरतुकडा.

शत्रुघ्नाने गाडी उभी केली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आला गं माझा बाबा!" काकूने हात वर केला.

आता ओवाळणार. ओवाळलं की झालं. सांगत बसायला वेळ नव्हता. शत्रुघ्न धावला. चप्पल मागे राहिली. पायरीवर जाऊन तो काकूच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला, मान खाली घालून.

"माझ्यावरून," तो म्हणाला. "काकू... माझ्यावरून ओवाळ."

"तुझ्यावरून कशाला, मेल्या? बाजूला हो, पोरगा..."

ती थांबली. शत्रुघ्नाच्या खांद्यावरून तिला अंगण दिसत होतं. अंगणात जो उभा होता त्याने कानटोपी काढली होती.

डोकं भादरलेलं होतं, सुतकातल्यासारखं.

...

मग तिचा हात खाली आला. शत्रुघ्नावरून. एकदा. परत. परत. तिने तुकडा मोडला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पाणी फिरवून त्याच्या पायांवर ओतलं.

"झालं," ती अंगणाकडे बघून म्हणाली. "आज आता कोनी नाय."

वाडीत केळीचं पानसुद्धा हललं नाही. शत्रुघ्न मागे वळला, तेव्हा गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं, आतला दिवा चालू होता आणि अंगणात कुणी नव्हतं. तो तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. काकूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गेला, ती म्हणाली. गेला, तो म्हणाला.

आत बाळ केव्हाच गप्प झालं होतं. नेमकं कधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर खरा कल्पेश आला. दाढीवाला, दोन बॅगा घेऊन, डोळे सुजलेले. रात्रभर बसवून शंभर प्रश्न विचारले आणि शेवटी तांत्रिक चूक म्हणून सोडून दिलं. माफी नाही, काही नाही. बायजाकाकू आणि शत्रुघ्न यांनी त्याला काहीच सांगितलं नाही. आनंदात मिठाचा खडा कशाला? त्याने आंघोळ केली आणि पहिल्यांदाच लेकाला मांडीवर घेतलं. माजघरात सगळी जमली होती. स्वप्नाच्या माहेरची माणसं, शेजारच्या बायका. शत्रुघ्न दाराशी टेकून उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता.

बाळ कुरकुरलं. कल्पेशने त्याला रमवायला हातातला फोन त्याच्या तोंडासमोर धरून हलवला. नवाच फोन होता. कुलूप लावलेला. त्याच्या मालकाचाच चेहरा दिसला तर उघडणारा, स्वप्नालाही न उघडणारा.

बाळाने डोळे उघडले.

फोन उघडला.

"अगं बाई!" कुणीतरी टाळी वाजवली. "अगदी बापावर गेलंय!"

सगळ्या बायका हसल्या. कल्पेशही हसला आणि फोन बंद करून पुन्हा बाळासमोर धरला. पुन्हा उघडला. मग त्याने फोन वळवून स्वतःच्या तोंडासमोर धरला. एकदा. दाढीवर हात ठेवून आणखी एकदा.

नाही उघडला.

बायजाकाकू पुढे आली, काही न बोलता तिने बाळ त्याच्या मांडीवरून उचललं, आणि ते आपल्याकडे बघू नये म्हणून त्याच्या तोंडावर पदर ओढला.