लिन आजोबांचा आवाज

"चायनीज इंटरप्रिटर... तुम्ही?"

लिफ्टसमोरचा तो उंच मुलगा कोटावरचा बर्फ झटकत हसला. "आर्य साठे. चेहरा चिनी नाही, सॉरी. पण जुन्या चिनी कवितेवर पीएचडी करतोय."

मी ऋता, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरच्या एका रिहॅब सेंटरमध्ये स्पीच थेरपिस्ट. माझे पेशंट लिन आजोबा स्ट्रोकनंतर तीन आठवडे एक शब्दही बोलले नव्हते. त्यांची बायको, लिन आजी, रोज त्यांच्या उशाशी बसून वाट बघायच्या.

आर्य तासभर त्यांच्याशी बोलत राहिला. आजोबांचे ओठ नुसते थरथरत होते.

"कविता म्हणून बघू?" त्याने हळूच विचारलं. "चिनी भाषेतल्या सगळ्यात जुन्या कविता मुळात गाणीच होती. लोक शेतात गायचे, लग्नात गायचे... दरबारात घंटा आणि ढोल असायचे. चाली हरवल्या, शब्द राहिले."

"मग म्हणू नका... गा. बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी उरतं."

"मी? माझा आवाज होपलेस आहे, यार—"

"गा ना!"

त्याने डोळे मिटले आणि चीनमध्ये शाळेत शिकवतात तशा साध्या चालीवर गाऊ लागला. छोट्या छोट्या ओळी, पावलं टाकल्यासारख्या. दुसऱ्या कडव्यात तो अडखळला... आणि पुढची ओळ पलंगावरून आली.

आवाज फाटका, खरखरीत. पण आजोबा गात होते! आजींनी तोंडावर हात ठेवला. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी अंगावर सर्रकन काटा आला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी शेतात गुणगुणलेले शब्द इथे, न्यू जर्सीत, एका माणसाला त्याचा आवाज परत देत होते. आर्यचे डोळे भरून आले होते. आणि मी... मी त्याची बाही घट्ट धरली होती.

मग तो दर मंगळवारी येऊ लागला. सेशन संपलं की कॉफी.

"ते 'तुम्ही' बंद कर," तो एकदा म्हणाला. "म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

"बरं... तू."

"पुन्हा म्हण?"

सहाव्या मंगळवारी आजोबांनी आजींना नावाने हाक मारली. न गाता. त्याच दुपारी ते घरी निघाले. त्यांची गाडी वळेपर्यंत आम्ही दोघं हात हलवत राहिलो.

"पुढच्या मंगळवारी येतो," आर्य म्हणाला.

"कशाला? पेशंट तर घरी गेले."

"माहितीये..." तो लाजला.

मी म्हणाले, "मंगळवारी नको. शनिवारी ये. मला सुट्टी असते."