तीन वाजताचा दीड पट्टा

टेबलावर दोन आरसे, एक लेसर, एक तिरकी काच, चार वह्या, अडीच पेन्सिली आणि एक अनोळखी कोपर होतं.

"हे कोपर तुमचं का?" तिनं विचारलं.

"जन्मापासून." शेजारच्या खोलीत पीएच.डी. करणारा तो — केस विस्कटलेले, हसणं सरळ. "एक स्क्रूड्रायव्हर हवा होता..."

"घ्या, आणि कोपर उचला. टेबल हललं की माझा दिवस वाया!"

तिचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. लेसरचा किरण दोन वाटांनी जाऊन पुन्हा भेटला की पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडत. वाटेतली हवा जराशी तापली तरी ते सरकत. "दोन आठवडे पट्टे स्थिर ठेवून दाखव, संशोधनाची जागा तुझी," मॅडम म्हणाल्या होत्या. नाहीतर आईनं आणून ठेवलेला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म होताच.

पट्टे दिवसभर शहाण्यासारखे बसत. तीन वाजले की दीड पट्टा सरकत. रोज! तिनं खिडकी लावली, पंखा बंद केला, दिवा बदलला. तीनला शेजारी स्क्रूड्रायव्हर मागायला यायचा आणि तिच्या खांद्यावरून वाकून विचारायचा, "काय मोजणीबाई, सापडला चोर?"

"सापडला की आधी तुम्हालाच सांगीन."

"आणि हे 'तुम्ही' कधी संपणार?"

"ते... अजून मोजलं नाही."

तेराव्या दिवशी तो कुठल्याशा चर्चासत्राला गेला. तीन वाजले. सव्वातीन. पट्टे जागचे हलले नाहीत. तिनं वहीत शून्य लिहिलं, आणि त्या शून्याकडे बघता बघता तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तीनचे सगळे आकडे गाळले तर आलेख कसा गुळगुळीत दिसेल... हात खोडरबरापर्यंत गेलाही. मग तिनं पेन उचललं आणि लिहिलं : 'दोषाचं कारण — शेजारच्या माणसाच्या अंगाची ऊब.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे पट्टे स्थिर राहिले नाहीत."

"नाही, मॅडम."

"पण का राहिले नाहीत, ते तू शोधलंस. अगं, संशोधन म्हणजे दुसरं काय असतं? एक तारखेपासून ये. आणि त्या उबेला सांग, त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हरचे तीन संच आहेत. मीच दिलेत!"

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. तो टेबलापाशी उभाच होता.

"एक स्क्रूड्रायव्हर—"

"तीन संच आहेत तुझ्याकडे!"

तो गोरामोरा झाला. मग हळूच म्हणाला, "तुझ्याकडे?"

"हो. आणि जागा मिळाली मला!"

"अरे वा! मग... आता मी यायचं नाही?"

"एका शून्यावर निष्कर्ष काढत नाहीत. प्रयोग पुन्हा करायला हवा. हात पुढे कर. टेबलाला टेकवू नकोस."

किरणाच्या खाली त्यानं हात धरला. तिनं आपला हात त्याच्या हातात दिला. पट्टे निघाले... दोघं मोठ्यानं मोजू लागले.

पावणेतीन पट्टे.