चौथं झाड

"डॉक्टरीणबाई, लवकर या! माझी लाईन गेली!"

शुक्रवारची सकाळ. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं आणि फोनवर आबा ओरडत होते.

"इंटरनेटची का, आबा?"

"इंटरनेट गेलं खड्ड्यात! माझी रेल्वे लाईन हो. सहा वर्षांची. एक खांबसुद्धा उरला नाही."

तिनं शटर तसंच अर्धं सोडलं. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. गल्लीनं आधी चिडवायला म्हणून तिला डॉक्टरीण म्हटलं, मग तेच नाव पडलं. आबा म्हणजे तिचं सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक. निवृत्त इंजिन ड्रायव्हर. आगगाडी चालवायचा एक खेळ असतो, सिम्युलेटर म्हणतात त्याला. आबांनी त्यात आपली जुनी चाळीस किलोमीटरची लाईन उभी केली होती. प्रत्येक पूल, प्रत्येक फाटक. काही अडलं की स्वारी दुकानात हजर. झाडाच्या फांद्या रुंद कशा करायच्या, एवढ्यासाठीच चार खेपा झाल्या होत्या.

लाईनीची कॉपी कशी ठेवायची हेही तिनंच शिकवलं होतं. म्हणजे आता खापर कोणावर फुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आबांच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. टेबलावर ब्रेकचा दांडा, भिंतीवर ड्रायव्हरची टोपी. आबा खुर्चीत आणि त्यांचा मुलगा दाराशी हाताची घडी घालून उभा. त्याचा औषधांच्या विक्रीचा धंदा. बोलणं नेहमी घाईचं.

ती मशीनसमोर बसली. खेळ शाबूत होता, खेळाच्या मूळच्या लाईनी शाबूत होत्या. फक्त आबांची दोन फोल्डरं गायब होती. एक रूटचं, म्हणजे कुठं काय उभं आहे याची नुसती यादी. दुसरं सामानाचं, म्हणजे आबांनी स्वतः बदलून घेतलेली झाडं, खांब, इमारती. पुसलेलं जिथं साठतं ती कचरापेटीही कोणीतरी रिकामी केली होती.

"कॉपीची डिस्क?" तिनं विचारलं.

आबांनी मान खाली घातली. तिनंच कपाट उघडलं. सगळ्यात खाली बूटपॉलिशचा खोका. वर ब्रश, मग डबी, मग फडकं, मग पुठ्ठा. पुठ्ठ्याखाली डिस्क, आबा ठेवायचे तशी रुमालात नीट गुंडाळलेली.

जोडून बघितली तर डिस्कही पुसलेली होती.

"मला माहितेय कोणी केलं ते," मुलगा म्हणाला. "मुकादमाची मुलगी. काल चारला आली होती. आबा चहा टाकायला आत गेले, तेवढी दहा मिनिटं ही बया इथं एकटी."

"कोण मुकादम?"

"ताई, एकतीस वर्षांपूर्वी आबांच्या गाडीचा अपघात झाला. सिग्नल लाल होता, पण झाडाच्या फांद्यांआड गेलेला. पुढं मालगाडी उभी. आबांचा सहायक जागीच गेला. फांद्या छाटायचं काम मुकादमाचं, त्याला नोकरीवरून काढलं. मरेपर्यंत म्हणत राहिला, मी छाटल्या होत्या. परवा रविवारी आबा निवृत्तांच्या सभागृहात लाईन दाखवणार होते. सगळ्यांनी ते झाड बघितलं असतं. तिला ते नको होतं, दुसरं काय?"

"आबा, तुम्हाला काय वाटतं?"

आबा खिडकीबाहेर बघत होते. "असेल," म्हणाले.

नुसतं असेल! एरवी ब्रेक लावायचा कसा यावर हा माणूस अर्धा तास बोलायचा.

"शाळेत शिकवते ती," मुलगा म्हणाला. "उद्या बारा वाजता हेडमास्तरणीच्या हातात तक्रारीचं पत्र देतो. मुलांना शिकवण्याच्या लायकीची आहे का ते ठरवू दे त्यांना."

"उद्या अकरापर्यंत थांबा. मशीन मी घेऊन जाते."

मधल्या सुट्टीत तिनं शाळा गाठली. शिक्षिका चौतिशीची, बोटांना खडू लागलेला. सगळं ऐकून ती आधी हसली, मग तिचा चेहरा पांढरा पडला.

"काल कशाला गेला होतात, बाई?"

"वडिलांची ट्रंक आवरताना एक फोटो सापडला. त्याच झाडाखाली, सिग्नलच्या खांबाशेजारी उभे आहेत. हातात कोयता, पायाशी फांद्यांचा ढीग. मागं तारीख आहे. अपघाताच्या आठ दिवस आधीची."

"आबांना दाखवलात?"

"हो. लाईनीत झाड लावलंय ना, मग खरं लावा म्हटलं. भांडायला नव्हते गेले. काका बराच वेळ फोटो बघत बसले. मग म्हणाले, ठेवून जा."

"निघालात किती वाजता?"

"साडेचारला. पाच वाजता माझी शिकवणी असते. पंधरा मुलं साक्षीला आहेत."

"खोलीत एकट्या असताना कॉम्प्युटरला हात लावलात?"

"लावला." ती जरा ओशाळली. "तो दांडा हलवून बघितला. पडदा बंद होता."

"कपाट उघडलंत?"

"कुठलं कपाट?"

परतताना डॉक्टरिणीनं आबांच्या मुलाला फोन केला. कालपासून घरात एखादा जुना फोटो दिसला का? नाही, म्हणाला तो, कसला फोटो? घरी आपण रात्री आठला आलो, हेही त्यानं सांगून टाकलं.

दुकानात तिनं मशीन जोडलं. आता तिला आपलं स्वतःचं पाप बाहेर काढायचं होतं.

आबांच्या रूटची एक कॉपी तिच्याकडे होती. पाच महिन्यांपूर्वी, मशीन दुरुस्तीला आलं तेव्हा, न विचारता ठेवून घेतलेली. म्हातारा माणूस, कधीतरी पुसून बसेल, ही भीती खरी होती. पण गिऱ्हाइकाची वस्तू न सांगता ठेवून घेणं याला दुसरं नाव नाही. वर शहाणपण असं की रूटचं फोल्डर घेतलं आणि सामानाचं विसरली.

तिनं रूट जागेवर टाकला आणि खेळ सुरू केला. आबांच्या खांबांची, इमारतींची नावं न सापडल्याच्या ओळी पडद्यावर भराभर आल्या, आणि शेवटी: "झाड_४ सापडत नाही. मूळ झाड वापरत आहे."

तिनं गाडी हाकली. वळण संपलं. समोर एक साधंसुधं झाड, आणि त्याच्या पलीकडे लाल सिग्नल. किती लांबून दिसला? तिनं तीनदा मोजलं. सातशे मीटर, जाणत्याला थांबायला पुरेसे.

मग तिनं खेळाची नोंदवही उघडली. खेळ प्रत्येक फेरी लिहून ठेवतो. ती नोंद वेगळ्या कोपऱ्यात असते, पुसणाऱ्याला तो कोपरा माहीत नव्हता. गुरुवार, पाच वाजून दहा मिनिटं. त्याच वळणापासून त्याच सिग्नलपर्यंत एक फेरी. मग दुसरी. सहा पस्तीसपर्यंत अकरा फेऱ्या, सगळ्या झाड_४ काढून मूळ झाड लावून केलेल्या. अकराही वेळा गाडी सिग्नलच्या अलीकडे, धक्का न लागता थांबलेली.

तिला सगळं कळलं, आणि जरासुद्धा आनंद झाला नाही.

शनिवारी अकराला आबांच्या खोलीत चौघं होती. शिक्षिका दाराशी उभी, मुलाच्या खिशात पत्र. मशीन पुन्हा टेबलावर.

"बाईंनी केलं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "त्या साडेचारला गेल्या. लाईन पाच दहा ते सहा पस्तीस चालू होती. अकरा फेऱ्या झाल्यात, ही बघा नोंद. पुसलेली लाईन चालवता येते का?"

मुलानं वाकून वाचलं. "मग चोर नंतर आला."

"आणि खोक्यातले ब्रश, डबी, फडकं, पुठ्ठा क्रमानं काढून डिस्क पुसून परत रुमालात गुंडाळून गेला? डिस्क कुठं असते हे दोघांनाच माहीत होतं. आबांना आणि मला. मी पुसली नाही, हे मला नक्की ठाऊक आहे."

मुलगा वळून आबांकडे बघू लागला.

"नोंदीतले ब्रेक बघा. मी काल सहा वेळा प्रयत्न केला, सहाही वेळा सिग्नल ओलांडून गेले. असा ब्रेक लावायला चाळीस वर्षं नोकरी लागते." तिचा आवाज खाली आला. "आबा, तुम्ही ते झाड चार वेळा बदललंत. दर वेळी फांद्या रुंद केल्यात, सिग्नल झाकला जाईपर्यंत. शिकवलं मीच. पण फोटो बघितल्यावर तुम्ही झाड मूळचं लावून बघितलंत. आणि सिग्नल दिसला. मग लाईनच नको झाली."

"काहीतरीच काय बोलताय?" मुलगा ओरडला. "आबा, सांगा ना यांना!"

आबांनी शर्टाच्या खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला.

"थर्मासचं झाकण पडलं होतं," ते म्हणाले. "मी ते उचलायला वाकलो होतो. सहायक मागं हत्यारांच्या पेटीशी. मी समोर बघतच नव्हतो. चौकशीत घाबरलो आणि झाड म्हणालो. मग इतक्यांदा झाड म्हणालो की मलाच ते दिसायला लागलं. परवा वाटलं, एकदा तरी नाही दिसणार सिग्नल. अकराही वेळा दिसला. पुसून टाकली, आणि रविवारी लोकांना काय सांगू म्हणून सकाळी तुम्हाला फोन करून गेली म्हणून ओरडलो."

"आणि काल 'असेल' म्हणालात," डॉक्टरीण म्हणाली. तिला राग आवरेना. "झाडाचं खापर बापावर, लाईनीचं लेकीवर. पत्र बारा वाजता जाणार होतं, आबा!"

"हो. तेसुद्धा माझंच पाप," आबा म्हणाले.

मुलानं खिशातलं पत्र काढलं, फाडलं, आणि तुकडे कुठं टाकावेत ते त्याला सुचेना.

शिक्षिका पुढं आली. "शेवटच्या वर्षी वडील मला रोज विचारायचे, मी छाटलं होतं ना गं? त्यांचाच स्वतःवर भरवसा उरला नव्हता. मी काय सांगणार? अपघात झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते."

आबा हात जोडायला गेले.

"नको," ती म्हणाली. "हात नका जोडू. चालवून दाखवा."

आबांनी दांडा धरला. गाडी निघाली. वळण आलं. नोकरीत असताना सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारायचा नियम होता. वळण संपताच आबा ताठ झाले.

"सिग्नल लाल!"

भिंतीपलीकडे ऐकू जावा असा आवाज. गाडी हळूहळू सिग्नलच्या अलीकडे उभी राहिली.

"उद्या सगळ्यांसमोर असंच म्हणा," शिक्षिका म्हणाली. "आणि थर्मासचंही सांगा."

"सांगतो."

"नाही सांगितलंत तर मी सांगेन."

डॉक्टरिणीनं पिशवीतून तीन नव्या डिस्का काढल्या. आपल्याकडे एक चोरटी कॉपी होती, हेही तिनं तेव्हाच सांगून टाकलं. आबांनी नुसती मान डोलावली, ते तिला जास्तच लागलं. यादीत झाड_४च्या जागी मूळ झाडाचं नाव पक्कं करून तिनं रूट तिन्हींवर उतरवला. या खेपेला सामानाचं फोल्डरही तिनं दोनदा तपासून घेतलं. आबांचे खांब, इमारती गेल्या त्या गेल्याच; त्यात आता सगळं खेळाचं मूळचं होतं, झाडसुद्धा.

एक डिस्क आबांना, एक दुकानात, विचारून. तिसरी तिनं शिक्षिकेसमोर धरली.

"ही तुमच्याकडे असू द्या. आता कोणाला एकट्याला पुसता येणार नाही."

शिक्षिकेनं डिस्क आणि फोटो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले, चेन लावली, आणि लागली की नाही ते ओढून बघितलं.