वाकूनही न पुसणारे आकडे

एप्रिलची दुपार. जळगावहून निघालेली धुळ्याची एसटी एरंडोलच्या पुढे आली, तेव्हा नूतनचे डोळे मिटायला लागले होते… तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मॅडम, तुमचं कार्ड बंद पडलं."

ती दचकली. हातातलं कार्ड तिनं डोळ्यांजवळ नेलं. दिसायला बँकेचं साधं कार्ड, फक्त कोपऱ्यात नखाएवढी खिडकी आणि तिच्यात आकडे. कळ दाबली की आकडे बदलायचे, म्हणजे कुणी जुना नंबर चोरला तरी त्याच्या काही उपयोगाचा नाही. आकडे तर ठळक दिसत होते.

"चालू आहे की!"

"नाही हो. मला नुसती काळी खिडकी दिसतेय."

तिनं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला तरुण, डोळ्यांवर मोठा गॉगल. नूतन हसू दाबत म्हणाली, "गॉगल काढा."

त्यानं काढला. "अरेच्चा… आले की!"

"तुमची काच एकाच दिशेचा उजेड आत सोडते. माझी खिडकीही तशीच. कार्ड तिरकं धरलं की दोघांचं जमत नाही."

"पहिल्याच भेटीत दोघांचं जमत नाही म्हणताय?"

गॉगलखालची त्याची कातडी गोरी राहिली होती, बाकी चेहरा काळवंडलेला. तिला खुदकन हसू आलं. किती दिवसांनी हसलो आपण, हे तिला नंतर, पारोळ्याला बस थांबली तेव्हा जाणवलं.

त्याचं नाव हेमराज. गाव धुळ्याजवळ, काम शेतांवरचे सोलर पंप दुरुस्त करण्याचं. नूतन जळगावच्या एका प्रयोगशाळेत ही कार्डं तयार करायची आणि दर आठवड्याला धुळ्याला न्यायची, कारण कार्ड पुन्हा पुन्हा वाकवून पाहणारं मशीन तिथल्या कॉलेजात होतं. पुढच्या आठवड्यातही तो त्याच बसला होता. त्याच्या पुढच्याही.

"म्हणजे तुम्ही कार्डाला वाकायला शिकवता?" एकदा त्यानं विचारलं.

"वाकतं ते आत्ताही. वाकून सरळ झाल्यावर आकडे दिसले पाहिजेत ना! आत दोन पातळ पापुद्रे आहेत, मधे लिक्विड क्रिस्टल, आकडे दाखवणारा द्रव. वाकवलं की तो पळतो बाजूला… आणि डाग पडतो."

"पळू नका म्हणावं."

"म्हणून पाहिलं," ती मान मागे टेकत म्हणाली. "ऐकत नाही."

जूनमध्ये बँकांना कार्डं पुरवणाऱ्या कंपनीची माणसं जळगावला आली. त्यातल्या एकानं नूतनच्या हातातून कार्ड घेतलं आणि गप्पा मारता मारता दोन बोटांत सहज वाकवलं. खिडकीत शाईसारखा डाग पसरला. तो गेलाच नाही. चहा न घेता माणसं निघून गेली. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत जमलं नाही तर काम बंद करावं लागेल, नूतन."

पिंप्राळ्यातल्या घरी आई वाट पाहत होती. "रविवारी चाळीसगावची मंडळी येणार आहेत तुला बघायला. जरा ताजीतवानी दिस गं. सारखी काय थकलेली असतेस!"

त्या आठवड्यात नूतन बसला गेली नाही. दुसऱ्या दिवशी हेमराज प्रयोगशाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर हजर होता. बाही ग्रीसनं माखलेली. तिनं त्याला सगळं सांगितलं. कंपनीचं, सरांचं… आणि चाळीसगावचंही. ते ऐकताना त्याचा कप तोंडापर्यंत जाता जाता थांबला, एवढंच.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. "धीर सोडू नको वगैरे…"

"खरं सांगू? सुचत नाहीये. सकाळपासून उन्हात होतो. मीही पार दमलोय."

मग दोघं बाकावर नुसते बसून राहिले. रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. कुणी तिला हस म्हणत नव्हतं, ताठ बस म्हणत नव्हतं. नूतनला वाटलं, एवढा आराम तर झोपेतही मिळत नाही… आणि त्याच क्षणी कळलं, की रविवारी काय सांगायचं.

रविवारी तिनं नकार दिला. आई दोन दिवस बोलली नाही.

नूतन पुन्हा कामाला लागली. द्रव पळू नये म्हणून आता तिनं पापुद्र्यांमध्ये उजेडानं घट्ट होणारं प्लॅस्टिक वापरून बारीक भिंती उभ्या करायला घेतल्या, मधाच्या पोळ्यासारख्या. भिंती आधी वाकड्या झाल्या, मग तुटल्या, मग इतक्या जाड झाल्या की आकडेच दिसेनात. दसरा गेला. डोळ्यांखालची वर्तुळं गेली नाहीत. हेमराज मात्र बसमध्ये तिची जागा धरून ठेवायचा.

दिवाळीच्या तोंडावर धुळ्याच्या मशीननं एक कार्ड दिवसभर वाकवलं. संध्याकाळी नूतननं ते उचलून पाहिलं. आकडे जसेच्या तसे होते. तिनं सरांना फोन केला. सर आनंदानं काय काय बोलत राहिले, ती फक्त "हो सर, हो सर" म्हणत होती. नाचावंसं वाटायला हवं होतं. वाटलं ते इतकंच, की कुठेतरी बसावं. त्याच्या शेजारी.

कॉलेजच्या फाटकाशी तिनं हेमराजला बातमी दिली, तशी तो फोनवर आईला अहिराणीत सांगू लागला, काम जमलं, पण ती फार थकलीय. "जमनं वं माय तिनं काम! पन भू थकी गयी शे ती."

पलीकडून त्याच्या आईचा, भागाबाईंचा, तिला आधी घरी जेवायला घेऊन ये म्हणणारा आवाज नूतनलाही ऐकू आला, "मंग उभा काय ऱ्हायना? घर लई ये तिले. पहिले जेवू दे, बाकी बठ्ठं नंतर!"

त्यानं फोन खिशात टाकला, ओशाळून हसला. "मला आज एक विचारायचं होतं… पण तू दमलीयेस. नंतर विचारतो."

"मी नेहमीच दमलेली असणार, हेमराज. हे काम तसंच आहे." तिनं त्याची ग्रीसची बाही धरली. "आणि जगात एकट्या तुझ्यासमोरच मला दमता येतं. विचार."

"नूतन, तू माझ्याशी…"

"हो," ती म्हणाली.

"अगं, पुरं तर करू दे!"

"घरी जाता जाता कर," ती म्हणाली, आणि त्याच्या हातात हात देऊन चालू लागली.